आधी पाय, मग चाक

नेपाळात मुक्तिनाथच्या वाटेवर, कालोपानी गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मी उकिडवी बसले होते. हातात मागच्या चाकाची फाटकी ट्यूब, नखांत ग्रीस, दातांखाली धुळीची कचकच. समोरच्या चहाच्या दुकानातून एक बाई ओले हात पुसत बाहेर आली, कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिली आणि मग मला म्हणाली, ‘बहिनी, यस्तो बाटोमा यस्तो बाइक किन ल्याएको?’ मला नेपाळी येत नाही, पण हे वाक्य कळायला मराठी माणसाला दुभाषी लागत नाही. बाटो म्हणजे वाट. बहिनी म्हणजे धाकटी बहीण. असल्या वाटेला असली गाडी कशाला आणलीस गं? आवाजात टोमणा नव्हता. भर पावसात छत्रीविना शाळेला निघालेल्या पोराला शेजारची काकू ज्या सुरात हटकते, तो सूर होता. मी मान वर न करता हिंदीत म्हणाले, ‘दिदी, मेरे पास यही है.’ ती काही न बोलता आत गेली.

उत्तर खोटं होतं.

2023 च्या एप्रिलमधली ही गोष्ट. अजूनही कधी सिग्नलला उभी असताना, कधी कणीक मळताना तो प्रश्न वर येतो आणि त्यामागोमाग माझं ते घाईचं उत्तर. माझ्याकडे तेवढीच गाडी होती असं मुळीच नव्हतं. पोखऱ्याच्या लेकसाइडला गल्लोगल्ली भाड्याच्या गाड्या मिळतात. उंच, लांब सस्पेन्शनच्या, दातेरी टायरच्या, मुक्तिनाथ ज्या मुस्तांग जिल्ह्यात आहे तिथल्या वाटेला सरावलेल्या. माझा धाकटा भाऊ एका दुकानात जाऊन भावसुद्धा ठरवून आला होता. ‘ताई, तुझी गाडी हॉटेलवर ठेवू. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.’ तो स्वतः उंच ॲडव्हेंचर गाडीवर होता आणि बहिणीची काळजी वाटणं स्वाभाविक होतं. मी नाही म्हणाले. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. हॉटेलच्या अंगणात आम्ही दोघं गप्प उभे होतो आणि तलावावरून बदकांचा आवाज येत होता, एवढं आठवतं.

माझी गाडी रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर 650. एक्केचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारातून घेतलेली. त्याआधी घरातली प्रत्येक गाडी कुणा ना कुणाच्या नावावर होती आणि मी ती चालवत होते. आरसी बुकावर माझं नाव असलेली ही पहिली. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये याच नावाची मोटरसायकल अमेरिकेतल्या लांब, मोकळ्या रस्त्यांसाठी बनायची. 2018 साली ते नाव परत आलं. त्यामुळे तिचं घराणंच डांबराचं. दोन सिलिंडर, दोन बाजूंना दोन लांब चकचकीत सायलेन्सर, सपाट लांब सीट. वजन 202 किलो. पोट जमिनीपासून 174 मिलिमीटरवर, पुढचं सस्पेन्शन दबून दबून दबणार 110 मिलिमीटर. भावाच्या गाडीचं पोट माझ्या गाडीपेक्षा अडीच-तीन बोटं उंच. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण नदीतला गोटा नेमका त्याच तीन बोटांत बसतो. निघण्याआधी नाना पेठेतल्या माझ्या मेकॅनिकनं इंजिनाखाली ॲल्युमिनियमची जाड बॅश प्लेट बसवली आणि सेंटर स्टँड काढून टाकला. ‘ताई, पहिला दगड ह्यालाच लागणार. असू दे इथंच, परत आल्यावर लावू.’ त्याचं म्हणणं बरोबर होतं. ती स्टँडची कमान त्यानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली, आणि मी त्या पुडक्याकडे बघत राहिले. उगाच काहीतरी मागं राहतंय असं वाटलं.

पुण्याहून सोनौली चार दिवस. इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर. त्या चार दिवसांत गाडीनं मला जे सुख दिलं त्याला तोड नाही. सहाव्या गिअरमध्ये नव्वदच्या आसपास इंजिन एका संथ घुमाऱ्यात बोलतं. पाठीला त्रास नाही, हाताला मुंग्या नाहीत. बुंदेलखंडातल्या उन्हात हेल्मेटखाली ओला रुमाल बांधून मी तासन्‌तास चालवत होते आणि भाऊ मागं पडत होता. सोनौलीच्या कमानीपलीकडे भन्सार, म्हणजे गाडीची जकात. आरसी बुक, लायसन्स, किती दिवस राहणार तेवढ्या दिवसांचे पैसे, एक पावती. भारतीय माणसाला पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं, तेवढाच परदेश. पाट्या देवनागरीतच, पण शब्दांचे अर्थ अर्धं पाऊल बाजूला सरकलेले. चिखल म्हणजे हिलो, धूळ म्हणजे धुलो, दगड म्हणजे ढुङ्गा. खोला म्हटलं की माझ्या डोक्यात घरातली खोली यायची. पण खोला म्हणजे ओढा. हा शब्द पुढं चांगलाच पाठ झाला.

ओढ्यांची आणि माझी ओळख मात्र जुनी. माझे वडील पाटण तालुक्यात जनावरांचे डॉक्टर होते. ढेबेवाडीचं खोरं, वांग नदी, आणि डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या. त्यांच्याकडे राजदूत होती, 175 सीसीची, काळी. किक मारताना ती उलटी फटका द्यायची म्हणून आई कायम दारातून ओरडायची, ‘सांभाळून!’ पावसाळ्यात कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाला घटसर्प झाला, की रात्री-अपरात्री निरोप यायचा आणि राजदूत निघायची. मागं औषधांची पेटी आणि बर्फात ठेवलेल्या लसींचा थर्मास. सुट्टीत कधी मी टाकीवर बसून जायची. पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइलचा तो गोडसर वास, ओल्या रेनकोटचा रबरी वास आणि बाबांच्या हातांना येणारा डेटॉलचा वास मिळून एक वेगळाच वास व्हायचा. तो मला आजही कुठं आला तर मी थांबेन. वाटेत फरशी लागायची, म्हणजे ओढ्यावर टाकलेला बुटका पूल, आणि पाऊस जोरात असला की फरशीवरून पाणी. बाबा गाडी अलीकडे लावायचे. चपला काढून हँडलला अडकवायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि एकटे पाण्यात शिरायचे. हळू, पाय घासत. मध्ये थांबायचे, पायानं काहीतरी चाचपायचे, कधी एखादा धोंडा पायानंच बाजूला सारायचे. पलीकडे जाऊन परत यायचे. मग गाडी सुरू. मी एकदा विचारलं, असं काय करता? म्हणाले, ‘डोळ्याला नुसतं पाणी दिसतं. खाली काय आहे ते पायाला विचारायचं. आधी पाय, मग चाक.’ त्या फेऱ्यांना कुणी साहस म्हटलं नाही. ती त्यांची नोकरी होती. राजदूत त्या वाटांसाठी बनलेली आहे का, हा प्रश्न त्या खोऱ्यात कुणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही. म्हैस अडलेली असायची, आणि दारात राजदूत असायची.

बेनी सोडलं आणि रस्त्यानं रंग बदलला. बेनी ते जोमसोम साधारण 75 किलोमीटर. एरवी ही गाडी तेवढं अंतर एका चहाच्या आत संपवते. आम्हाला दीड दिवस लागला. काली गण्डकीच्या कडेनं डोंगर फोडून रुंदीकरण चाललेलं. कुठं छान डांबर, कुठं मुठीएवढी खडी, कुठं पिठासारखी मऊ धूळ, की चाक तिच्यात घोट्यापर्यंत बुडतं आणि हँडल स्वतःच्या मनानं वळू लागतं. तातोपानीच्या पुढं रुप्से छहऱ्याचं, म्हणजे धबधब्याचं, पाणी तुषारांसकट रस्त्यावर येतं, तिथं मी पहिल्यांदा भिजले. जीप आली की तिचा धुरळा खाली बसेपर्यंत थांबायचं. माझ्या पोटात सतत एक गोळा होता. प्रत्येक मोठ्या दगडावरून जाताना कान खाली लागलेले, आता लागेल, आता लागेल. आणि लागायचा. बॅश प्लेटवर धोंडा घासला की जो आवाज होतो तो मला दाढेत जाणवायचा. एकदा डाव्या सायलेन्सरच्या वाकणाला असा फटका बसला की मी उतरून, गुडघ्यावर बसून, हात फिरवून बघितलं. अंगठ्याएवढा पोचा. गाडीची माफी मागावीशी वाटली, आणि मी खरोखर मागितली, मोठ्यानं. भाऊ पुढच्या वळणावर उभा होता, त्याला ऐकू गेलं नसावं.

घासा गावाच्या वर एक खोला आडवा आला. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारी वाढतं. आम्ही पोहोचलो ती नेमकी दुपार. राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं पाणी, तळ अजिबात दिसत नाही. भाऊ फूटरेस्टवर उभा राहिला आणि दोन धक्क्यांत पलीकडे गेला. त्याच्या गाडीला तो खोला म्हणजे एक खड्डा. मी गाडी बंद केली. बूट काढले, मोजे आत कोंबले, पँट दुमडली. पाण्यात पाय घातला तर थंडीनं हाडापर्यंत कळ गेली. पण पायाखालचा गोल गुळगुळीत धोंडा, त्याच्या कडेची बारीक रेती, मध्येच एक खोलगट जागा हे सगळं तळव्याला अगदी स्पष्ट कळत होतं. चाळीस वर्षांपूर्वी टाकीवर बसून जे नुसतं बघितलं होतं ते पायांना येत होतं, कुणी न शिकवता. उजवीकडून, वरच्या अंगानं वाट होती. परत आले, ओल्या पायांनीच बूट चढवले आणि पहिल्या गिअरमध्ये शिरले. गाडी तरली. पलीकडच्या चढावर मात्र पाण्यातून वर आलेल्या एका धारदार दगडावर मागचं चाक दणकन आदळलं, आणि किलोमीटरभरात ती वळवळायला लागली.

चूक माझी होती. रेतीत पकड मिळावी म्हणून मागच्या टायरमधली हवा मी 36 वरून 25 वर आणली होती. टायर मऊ झाला, दगडानं त्याला रिमपर्यंत दाबलं, आणि मधल्या मध्ये ट्यूब चेचली. शेजारी शेजारी दोन चिरा. आता मागचं चाक काढायचं तर गाडी उचलायला हवी, आणि सेंटर स्टँड नाना पेठेतल्या कपाटावर वर्तमानपत्रात. ती बाई तेव्हाच आली आणि तिनं तो प्रश्न विचारला. मला वाटलं, आत गेली ती गेली. तर पाचेक मिनिटांत सरपणातला एक जाड ओंडका खांद्यावर घेऊन ती परत आली. मागून एक म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे बाजे म्हणत होते. बाजे म्हणजे आजोबा. काही ठरवाठरवी झाली नाही. भावानं गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती केली, मागचं चाक अधांतरी आलं, बाजेंनी उजव्या बाजूनं ओंडका खाली सारला आणि बाईनं दोन्ही हातांनी हँडल धरलं. तिनं ते तासभर धरून ठेवलं. मध्ये दुकानात गिऱ्हाईक आलं तर तिथूनच ओरडून सांगायची, घ्या आणि पैसे ठेवा.

मी ॲक्सल सोडवला, चाक ओढून काढलं, टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, घालून टायर उतरवला. जवळ नवी ट्यूब होती. दोन्ही चाकं 18 इंची असल्यानं एका ट्यूबवर भागतं म्हणून एकच आणलेली. आणि शेवटच्या वितीला टॉमी तिरका पडला आणि नवी ट्यूब मीच चिमटली. फुस्स असा बारीक आवाज आला. माझे हात गळूनच गेले. बाजेंनी काही न बोलता ट्यूब माझ्या हातातून घेतली, बादलीतल्या पाण्यात एकेक वीत बुडवत गेले. एका जागी बुडबुड्यांची माळ उठली. त्यांनी तिथं अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं माझ्या पिशवीतला पॉलिश पेपर काढला आणि रबर घासू लागले. अगदी सावकाश, गोल गोल, चंदन उगाळावं तसं. सोल्यूशन लावून फुंकर घातली, वाट बघितली, पॅच दाबला आणि वरून नदीतल्या एका गोट्यानं ठोकला. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. बाबा इंजेक्शन देण्याआधी म्हशीच्या मानेवर अंगठा ठेवून असेच थांबायचे. पैसे द्यायला गेले तर दोघांनी हात मागं घेतले. मग आम्ही तिथंच जेवलो. दालभात, गुन्द्रुकाची आंबूस भाजी, टिमुर घातलेली चटणी. टिमुर म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ. पहिल्याच घासाला जीभ बधिर झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते सगळं चटणीचं नव्हतं.

दिवसभर मी एक गोष्ट बघत होते. त्या वाटेवर आमच्यासारखे सजलेले लोक थोडेच. बाकी सगळे पल्सर, शाइन, अपाचे, झालंच तर स्कूटर. मागं बायको, मध्ये पोर, कॅरिअरला कोंबड्यांची डालगी. हे लोक कुठल्याच मोहिमेवर नाहीत, घरी चाललेत. रस्त्याची गाडी वेगळी आणि रानाची वेगळी ही विभागणी तशी हल्लीची. 1980 साली जर्मनीत बीएमडब्ल्यूची आर 80 जी/एस आली. त्यातला जी म्हणजे रान, एस म्हणजे रस्ता. मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांचा वंश तिथून सांगतात. पण त्याच 1980 च्या पॅरिस-डाकार शर्यतीत सहारा ओलांडायला चार व्हेस्पाही निघाल्या होत्या आणि त्यातल्या दोन डाकारला पोहोचल्या. आपल्या चेतकची मावशी ती. आणि त्याही आधी, 15 ऑक्टोबर 1923 ला मुंबईतले सहा पारशी तरुण साध्या सायकली घेऊन जगाच्या फेरीला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून 1928 साली मुंबईत परतले. वाळवंट त्यांनीही ओलांडलं. हे सगळं मी भावाला त्या रात्री लेतेच्या लॉजमध्ये मोठ्या उत्साहानं सांगत होते. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘ताई, सगळं खरं. पण आज संध्याकाळी लेतेला शिरताना समोर धौलागिरी होता, बघितलास का?’

मी बघितला नव्हता.

8,167 मीटरचा डोंगर. त्या दरीच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, 8,091 मीटर, आणि मधून ही नदी. तेवढ्यासाठी जगभरातून लोक येतात. आणि मी आख्खा दिवस पुढच्या चाकासमोरची दोन मीटर जमीन बघत काढला होता. दगड, खळगा, रेती, दगड. त्या दोन मीटरांचा तपशील मी आजही सांगू शकेन. भावाला डोळे वर करायची उसंत होती, कारण त्याची गाडी खालचं सांभाळून घेत होती. म्हणजे गाडीला किंमत असते. दुकानातल्या त्या उंच गाडीवर मी असते तर डोंगर मला दिसला असता. हे कबूल करायला मला रात्र लागली. पत्र्यावर वारा थडथडत होता, रजईला धुराचा वास होता, आणि मी त्या बाईला काय खरं उत्तर द्यायला हवं होतं ते जुळवत होते. ही माझ्या नावावरची पहिली गाडी आहे दिदी, आणि मला तिच्यासकट इथं यायचं होतं, एवढंच ते होतं. बाबा जायच्या आधीच्या वर्षी मी ती दारात आणून उभी केली, तेव्हा ते काठी टेकत बाहेर आले आणि वाकून तिच्या पोटाखाली हात घालून बघितला. ‘बुटकी आहे,’ म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘पण जाईल.’

जोमसोमचा वारा मी ऐकून होते. सकाळी साडेदहा-अकरा वाजले की दक्षिणेकडून तो दरीत शिरतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. तिबेटचं पठार उन्हानं तापतं आणि ह्या अरुंद खिंडीतून खालची हवा वर ओढून घेतं. विमानंसुद्धा तिथं सकाळीच काय ती उतरतात. रुंद नदीपात्राच्या कडेनं जाताना वाळू गालाला टोचत होती. भावाची उंच, हलकी गाडी हेलकावे खात होती, आणि माझी बुटकी, जड गाडी रुळावर ठेवल्यासारखी चालत होती. तेवढ्या तासाभरात मला तिचा फार अभिमान वाटला. कागबेनीला बायका फडक्यावर शाळिग्राम मांडून बसल्या होत्या. आमच्या देवघरात एक आहे, आजीच्या सासूपासूनचा. कोंबडीच्या अंड्याएवढा, काळा, एका बाजूला फुटलेला, आत चक्र. आषाढी-कार्तिकीला त्याला ताम्हनात घालून दुधानं न्हाऊ घालायचं आणि तुळस वाहायची. गण्डकीतून आलाय, एवढंच आजी सांगायची. ती गण्डकी म्हणजे ही राखाडी, वाऱ्यानं पिसाटलेली नदी. आणि ते चक्र म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता तेव्हाच्या एका शंखातल्या जिवाचं घर. 2,800 मीटर उंचीवर, समुद्राच्या तळाच्या मातीत माझ्या गाडीचं साइड स्टँड रुतलं होतं आणि ती पडू नये म्हणून मी त्याखाली एक चपटा दगड शोधत होते. सापडला तो साधाच होता. विकतचा शाळिग्राम मी घेतला नाही, घरचा आहे.

मुक्तिनाथला, राणीपौवात गाडी लावतेय तोवर मागून आवाज आला, ‘अगं बाई, एमएच अकरा!’ यात्रा कंपनीबरोबर आलेल्या पाच-सहा बायका, स्वेटरवर शाल, शालीवर मफलर, त्यातल्या दोघी कराडच्या. साताऱ्याची पासिंग बघून त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. एकीनं माझ्या धुळीनं माखलेल्या गालावरून हात फिरवला आणि त्या दिदीचाच प्रश्न मराठीत विचारला, ‘जीपनं यायचं की गं, कशाला एवढा त्रास?’ मी हसले फक्त. त्यांच्याबरोबरच पायऱ्या चढले. साडेतीन हजार मीटरच्या वर चार पायऱ्यांमागे एकदा थांबावं लागतं. 108 धारांखालून जाताना प्रत्येकीनं हात घट्ट धरले होते, बर्फासारखं पाणी मानेवर पडलं की कुणी ‘विठ्ठला’ म्हणे, कुणी नुसतीच किंचाळे. शेजारी बौद्ध भिक्षुणी वाती लावत होत्या. मला काही मागायचं सुचलं नाही. थंडीच एवढी होती.

परतताना सकाळी लवकर लेतेहून निघालो, वारा उठायच्या आत. दुकानासमोर थांबले, बाजेंना भेटायचं म्हणून. ते डोंगरावर गेले होते. दिदी मात्र नवी ओढणी घेऊन, पिशवी भरून तयार उभी. ‘घासा जाने हो? म पनि जान्छु.’ घासाला तिची लेक दिलेली. बस कधी येईल त्याचा भरवसा नाही. माझ्या पोटात परत तो गोळा आला. 202 किलोची गाडी, त्यावर सामान, आणि आता मागं माणूस. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तो ओंडका आठवला. माझी मागची बॅग भावाच्या गाडीवर बांधली. दिदी एका पायावर सहज चढून बसली, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी. दुकानापासून शंभर पावलं गेलो नसू, तिनं खांद्यावर थोपटलं. ‘पछाडि हेर्नुस् त.’ मागं बघा. मी मागं न बघता आधी आरशात बघितलं. उजव्या गोल आरशात, इंजिनाच्या थरथरीबरोबर थरथरत, पांढराशुभ्र डोंगर. इंजिन बंद केलं तसा तो आरशात स्थिर झाला. मग मी वळले. त्याच्या वरच्या अंगाला ऊन लागलं होतं, खालची हिमनदी अजून निळ्या सावलीत, आणि माथ्यावरून बर्फाचा एक भुरका वाऱ्यावर वाहत होता. किती वेळ बघितलं ते माहीत नाही. दिदी मागं शांत बसून होती. तिला तो रोजचा, तरी तीही बघत होती.

खोल्याला पाणी उतरलेलं होतं, पण तळ तसाच अदृश्य. मी गाडी थांबवली आणि बुटाच्या नाडीला हात घातला. तेवढ्यात दिदी उतरली. चपला काढून एका हातात घेतल्या, दुसऱ्या हातानं लुंगी गुडघ्यापर्यंत धरली आणि पाण्यात शिरली. हळू, पाय घासत. मध्ये थांबली, तळव्यानं काहीतरी चाचपलं, एक धोंडा पायानंच कडेला सारला. मग दोन पावलं वरच्या अंगाला जाऊन वळली आणि चपला धरलेला हात हलवून मला खूण केली, इथून ये. माझ्या डोळ्यांपुढं क्षणभर सगळं धूसर झालं. हेल्मेटची काच वर केली, पहिला गिअर टाकला आणि तिच्या हाताकडे बघत, खाली न बघता, पाण्यात शिरले. कुठं काही घासलं नाही.

घासात तिच्या लेकीचं घर रस्त्याला लागूनच, दगडी पायऱ्यांवर. दिदी उतरली. पिशवीत हात घालून वाळवलेल्या सफरचंदाच्या चकत्या मूठभर काढल्या आणि माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबल्या. तिचा प्रश्न तिनं परत विचारला नाही आणि रात्रभर जुळवलेलं उत्तर मीही दिलं नाही. ‘सिट राम्रो रहेछ, बहिनी,’ ती म्हणाली, सीट चांगली आहे गं, आणि सीटवरची धूळ हातानं दोनदा झटकून पायऱ्या चढून गेली.